कागदी तलवार मुठीपाशीच का मोडते? आठ तलवारींचे एक प्रकरण

शाळेच्या नाटकातल्या लढाईसाठी आठ कागदी तलवारी हव्या होत्या. लढणारी मुले आठ ते दहा वर्षांची. अटी तीन होत्या. आत लाकूड, तार किंवा प्लॅस्टिकची नळी घालायची नाही, एका तलवारीचे वजन ६० ग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचे नाही आणि तालमी धरून ती दोन-तीन आठवडे टिकली पाहिजे. पहिल्या आठ तलवारींनी पहिल्याच तालमीत मान टाकली. पाच मुठीच्या तोंडाशी वाकल्या. दोन तलवारींची आडपट्टी, म्हणजे पाते आणि मूठ यांच्यामधला आडवा तुकडा, सुटून गरगर फिरू लागली. एक शाबूत राहिली, पण ती पहारेकऱ्याच्या हातात होती आणि पहारेकऱ्याला लढायचे नव्हते.

पहिली बनावट

पद्धत नेहमीचीच होती. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) ए३ कागद (२९.७ × ४२ सेमी) ७ मिमी जाडीच्या काठीवर एका कोपऱ्यापासून तिरका गुंडाळायचा, शेवटचा कोपरा चिकटवायचा आणि काठी काढून घ्यायची. तिरक्या गुंडाळीमुळे नळीला कागदाच्या कर्णाइतकी, म्हणजे ५१.४ सेमी लांबी मिळते. दोन्ही टोके लुळी असतात, म्हणून दोन-दोन सेमी छाटली होती. मुठीसाठी कार्डशीटची वेगळी जाड नळी केली होती. तिच्यात पाते ३ सेमी आत घालून ग्लू गनने चिकटवले आणि पुठ्ठ्याची आडपट्टी वरून ओवली. बाहेर दिसणारे पाते ४४ सेमी भरले.

दिसायला तलवार चांगली होती. हातात धरून मधोमध दाबली तर कडकही लागत होती. फसगत इथेच झाली, कारण मधोमध दाबून पाहिले तर नळीचा सर्वांत मजबूत भाग तपासला जातो.

मोडण्याचे कारण

पात्यावर टोकाजवळ आडवा मार बसला की पूर्ण पाते तरफेसारखे काम करते. टोकाशी वाकवणारा ताण जवळपास शून्य असतो. मुठीकडे येताना तो वाढत जातो आणि हाताने घट्ट धरलेल्या मुठीच्या तोंडाशी सर्वांत जास्त होतो. त्यामुळे तलवार तिथे वाकली यात नवल नाही. पण इतक्या हलक्या माराने का वाकली, याचे उत्तर तिरक्या गुंडाळीच्या भूमितीत सापडते.

ए-मालिकेतल्या कागदाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण १.४१४ : १ असते. असा कागद कर्णाला समांतर गुंडाळला की नळीचे तीन समान भाग पडतात. मधल्या तिसऱ्या हिश्श्यात थरांची संख्या सर्वत्र सारखी आणि सर्वाधिक असते. दोन्ही बाजूंच्या हिश्श्यांत ती टोकाकडे एकसारखी घटत शून्यावर येते. ए३ कागदाच्या बाबतीत हा प्रत्येक हिस्सा १७ सेमीचा असतो. मधल्या भागात ३६ सेमी लांबीचा कागद गुंडाळला जातो, म्हणजे ७ मिमीच्या काठीवर साधारण तेरा थर बसतात. मुठीच्या तोंडाची जागा मूळ टोकापासून ५ सेमीवर होती (२ सेमी छाटलेले, ३ सेमी मुठीत गेलेले). तिथे गुंडाळीत जेमतेम साडेदहा सेमी कागद येतो, म्हणजे चार थर.

थोडक्यात, ताण सर्वाधिक तिथे थर जेमतेम चार, आणि तेरा थरांचा मजबूत भाग पात्याच्या मधोमध विनाकामाचा बसलेला.

त्यात कागदाच्या नळीचा मोडण्याचा प्रकार वेगळा असतो. लाकडासारखी ती तुटत नाही. वाकताना दाबाच्या बाजूची भिंत आत चेपते, नळी त्या जागी चपटी होते आणि कायमची घडी पडते. सरबताची स्ट्रॉ वाकवल्यावर होते तसेच. घडीतले तंतू एकदा मोडले की नळी सरळ करून उपयोग नाही, पुढच्या वेळी निम्म्याहून कमी जोरातही ती तिथेच वाकते.

ग्लू गनचाही यात वाटा होता. तिचा गोंद कागदात मुरत नाही, पृष्ठभागावर थिजतो. जोड हिसकला की कागदाचा वरचा थर घेऊन तो सुटतो. आडपट्टी फिरू लागली ती यामुळे. खाली-वर अडवणारे काहीच नव्हते, सगळी मदार त्या थिजलेल्या गोळ्यावर होती.

दोन घाईचे उपाय

वाकलेल्या जागी मास्किंग टेपचे पाच-सहा वेढे दिले. पुढच्या तालमीत तलवारी टेप संपते तिथून वाकल्या. हे अपेक्षितच होते. कडक भाग अचानक संपला की ताण त्या कडेवर एकवटतो. जाडी वाढवायची तर ती हळूहळू विरत गेली पाहिजे, पायरी सोडून चालत नाही.

दुसरी सूचना आत बांबूची काडी घालण्याची होती. ती मान्य केली नाही आणि करूही नये. काडी मोडली तर तिचे टोक चिरफाळते आणि कागद फाडून बाहेर येते. कागदी तलवारीचा मोठा गुण असा की मार जोराचा झाला तर आधी तीच वाकते. आत काठी घातली की तो गुण गेला.

नवी बनावट

जाड कागद किंवा जास्त कागद वापरण्यापेक्षा नळीचा जाड भाग मुठीच्या तोंडाशी आणायचा आणि एकच अखंड गाभा मुठीतून पात्यात न्यायचा, असे ठरले. मूठ वेगळी आणि पाते वेगळे असा जोडच ठेवायचा नाही.

सरळ गुंडाळी, म्हणजे कागदाच्या कडेला समांतर, हाही एक पर्याय होता. तिच्यात थर सगळीकडे सारखे येतात. पण मग टोकालाही मुठीइतकेच वजन राहते, आणि मोकळी कड नळीच्या पूर्ण लांबीवर सरळ रेषेत येते. ती एका ठिकाणी सुटली की भराभर उकलत जाते. तिरकी गुंडाळीच बरी, फक्त तिची जागा बदलायला हवी.

एका तलवारीला लागणारे सामान असे: ८० जीएसएमचा ए२ कागद (४२ × ५९.४ सेमी) एक, ए३ कागद एक, खोळीसाठी १६० जीएसएम कार्डशीटची ४२ × ९.५ सेमीची पट्टी, खोक्याचा ३ मिमी पुठ्ठा, फेविकॉलसारखा पांढरा गोंद आणि गुंडाळायला ८ मिमी जाडीची सरळ, निदान ७५ सेमी लांब काठी. ए३ कार्डशीटमधून अशा तीन पट्ट्या निघतात.

*गाभा.* ए२ कागदावर पेन्सिलीने एक कर्ण आखून घ्यावा. काठी समोरच्या कोपऱ्यावर या रेषेला समांतर ठेवून गुंडाळायला सुरुवात करावी. काठी जरा जरी तिरकी झाली तरी तीन-चार वेढ्यांनंतर गुंडाळी एका बाजूला सरकू लागते. ती ओढून-ताणून सरळ करण्यापेक्षा उलगडून पुन्हा सुरू करणे सोपे पडते. पहिले ५ सेमी कोरडेच गुंडाळावे, नाहीतर काठी आत चिकटते. नंतरच्या कागदाला पाणी न घातलेल्या गोंदाचा पातळ थर लावावा. जुन्या कार्डाच्या कडेने तो खरवडून पसरला की हवा तितका पातळ बसतो. पूर्ण ए२ला दोन चहाचे चमचे गोंद पुरतो. त्याहून जास्त लागत असेल तर थर जाड होतोय असे समजावे. गुंडाळी पूर्ण झाली की काठी लगेच पीळ देत काढून घ्यावी. दहा मिनिटे थांबले तर ती निघेलच असे नाही.

नळी ७२.७ सेमी लांब होते. इथे सममितीचा मोह टाळायचा. मुठीच्या बाजूने १५ सेमी छाटायचे आणि टोकाच्या बाजूने ७.७ सेमी. उरतो ५० सेमीचा गाभा. मूठ १२ सेमी धरली तर मुठीचे तोंड मूळ टोकापासून २७ सेमीवर येते. ए२च्या नळीचा मधला जाड हिस्सा २४ सेमीपासून सुरू होतो, म्हणजे तोंड बरोबर जाड भागात पडले. तिथे सोळा-सतरा थर असतात आणि टोकापाशी सहाच. पाते टोकाकडे आपोआप हलके होत जाते.

१५ सेमी छाटताना कागद वाया गेल्यासारखा वाटतो. वजनात तो २ ग्रॅमही नसतो.

*मुठीचा पट्टा.* गाभ्यावर खालच्या टोकापासून १२ सेमीवर खूण करावी. आता ए३ कागद त्याच गाभ्यावर, पण उलट्या दिशेने तिरका गुंडाळायचा, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या कडा एकमेकींना छेदतात आणि उकलण्याची ओढ परस्परांना अडवते. या कागदाचा जाड हिस्सा खुणेच्या दोन्ही बाजूंना सारखा यायला हवा. त्यासाठी सुरुवातीचा कोपरा खुणेवर ठेवून चालत नाही. तो खुणेपासून ८.५ सेमी मुठीकडे ठेवावा. मग शेवटचा कोपरा तेवढाच पात्याकडे जाऊन चिकटतो आणि जाड भाग खुणेवर मधोमध बसतो. वरच्या बाजूला हा पट्टा मुठीच्या तोंडापासून ८.५ सेमीवर पातळ होऊ लागतो आणि २५ सेमीच्या आसपास विरून जातो. टेपने जी पायरी सोडली होती ती इथे राहत नाही. खाली गाभ्याबाहेर लोंबणारा कागद कापून टाकावा. या गुंडाळीला एक चमचा गोंद पुरे.

मुठीच्या तोंडाशी आता नळीची जाडी १३ मिमी भरते.

*सुकवणे.* सपाट जागेवर आडवी ठेवून २४ तास. पहिले तीन-चार तास दर तासाला पाव वळसा फिरवावी. याबद्दल पुढे आणखी सांगायचे आहे.

*आडपट्टी.* पुठ्ठ्याचे १४ × ३ सेमीचे तीन तुकडे घ्यावेत. दोन तुकड्यांत पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी लांबीच्या दिशेने आणि मधल्या तुकड्यात आडव्या असाव्यात. तिन्हींच्या पन्हळी आडव्या असल्या तर पट्टी भोकापाशी सहज दुमडते. भोक १३ मिमीचे, शक्य तितके घट्ट. कोपरे गोल करावेत, कारण मुलांच्या बोटांना ओरखडे आडपट्टीचे येतात, पात्याचे क्वचितच.

आडपट्टी बसवण्याआधी खुणेच्या खाली २ सेमी रुंद आणि ६० सेमी लांब कागदी पट्टी गोंद लावून घट्ट गुंडाळावी (३० सेमीच्या दोन पट्ट्या एकीमागून एक लावल्या तरी चालते). सव्वा मिलिमीटरच्या आसपास उंचीचा कंगोरा तयार होतो. आडपट्टी वरून सरकवून त्यावर टेकवायची आणि तिच्या वर तसाच दुसरा कंगोरा करायचा. दोन कंगोऱ्यांमध्ये अडकलेली पट्टी खाली-वर हलत नाही. फिरणे थांबवण्याचे काम खोळ करते.

*खोळ.* कार्डशीटच्या पट्टीवर लांबीच्या दिशेने २.१, ४.२, ६.३ आणि ८.४ सेमीवर रेषा आखाव्यात आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून खाचवाव्यात. उरलेला १.१ सेमी हा चिकटवायचा पदर. घड्या घातल्या की पात्याला शंकरपाळ्याच्या आकाराचा छेद मिळतो, सुमारे ४ सेमी रुंद आणि दीड सेमीला थोडा कमी जाड. कागदाचे तंतू पट्टीच्या लांबीच्या दिशेने असतील तरच घडी स्वच्छ येते. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वळतो, तिच्या घडीला समांतर तंतू असतात. चुकीच्या दिशेने कापलेली पट्टी घडीवर चिरते आणि पांढरी रेघ दिसू लागते.

खोळीच्या खालच्या २ सेमीत चारही घड्यांवर चिरा द्याव्यात. हे चार पदर वरच्या कंगोऱ्यावरून उतरवून आडपट्टीवर बाहेर दुमडून चिकटवले की आडपट्टी पात्याशी बांधली जाते आणि फिरत नाही. पाते दिसते ४० सेमी. गोंद खोळीच्या आत फक्त दोन्ही सपाट बाजूंच्या मधल्या घड्यांवर, गाभ्याला टेकतात तिथेच लावावा. दोन्ही कडा पोकळच राहू द्याव्यात, म्हणजे अंगावर लागल्या तर चेपतात.

गाभा टोकाच्या ३ सेमी आधीच संपतो. ही कसर मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती भरून काढू नये. नळीचे उघडे तोंड डोळ्याला इजा करू शकते. त्यात टिश्यू पेपरचा बोळा गोंदाने बसवून वरून कागदाची गोल टिकली चिकटवावी. खोळीचे टोक दीड सेमी त्रिज्येने गोल कापून बंद करावे. अणकुचीदार टोक चित्रात शोभते, मुलांच्या हातात नको.

*मूठ.* १३ मिमीची मूठ लहान मुलाच्या हातातही फिरते. २२ ते २५ मिमी जाडी हवी. पुठ्ठ्याचा १२ × ११.५ सेमीचा तुकडा, पन्हळी मुठीला समांतर ठेवून, दोन वेढे गुंडाळला की जाडी नेमकी मिळते. पन्हळी आडव्या ठेवल्या तर पुठ्ठा वळण्याऐवजी जागोजागी तुटतो. खालच्या कंगोऱ्याच्या जागेपुरता २ सेमीचा भाग आतल्या वेढ्यातून कापून टाकावा, नाहीतर मूठ वरच्या बाजूला फुगते. शेवटी खाली कागदी पट्टीचे जाड कडे गुंडाळावे. हात निसटू नये एवढेच त्याचे काम.

पूर्ण तलवार ५३ सेमी लांब आणि गोंद सुकल्यावर ५५ ग्रॅमच्या आसपास भरते.

चाचणी

मधोमध दाबून पाहण्याची पद्धत सोडून दिली. मूठ टेबलाच्या कडेवर पक्की धरायची, पाते बाहेर आडवे ठेवायचे आणि आडपट्टीपासून ३५ सेमीवर पिशवीत वजन टांगायचे. पहिल्या बनावटीची नळी १०० ग्रॅमला मुठीच्या तोंडाशी घडी पडून बसली. नव्या तलवारींना २०० ग्रॅम एक मिनिट टांगून काढले की त्या पूर्ववत सरळ व्हायला हव्यात, ही किमान पात्रता ठरवली. जी सरळ झाली नाही तिचा गाभा एकतर सैल गुंडाळलेला होता किंवा आतून ओला होता. बाहेरून कोरडी वाटणारी नळी आतून ओली असू शकते. वजन करून ठेवावे आणि सहा तासांनी पुन्हा करावे. ते घटत असेल तर पाणी अजून निघते आहे.

दुसऱ्या खेपेतल्या तक्रारी

मुठीपाशी मोडणे थांबले, पण तीन गाभे सुकताना धनुष्यासारखे वाकले. ते खिडकीशी उन्हात, भिंतीला टेकवून ठेवले होते. गोंदातल्या पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि सुकताना आकसतात. उन्हाकडची बाजू आधी सुकली, आधी आकसली आणि नळी तिकडे ओढली गेली. म्हणूनच आडवे ठेवून फिरवत राहायचे. पाण्याने पातळ केलेला गोंद किंवा खळ वापरली तर हा त्रास वाढतो. खळीने कागद कडक होतो हे खरे, पण ती सुकायला वेळ लागतो आणि जाड गुंडाळीत आत बुरशी धरू शकते.

वाकलेल्या तिघांपैकी एक ओल्या फडक्याने पुसून, फूटपट्टीला बांधून, रात्रभरात सरळ केला. उरलेल्या दोघांचा वाक पात्याच्या रुंदीच्या दिशेने घेऊन वर खोळ चढवली. त्या दोन्ही तलवारी थोड्या बाकदार दिसल्या आणि सेनापतींच्या वाट्याला गेल्या. वाक मात्र पात्याच्या सपाट बाजूला येऊ देऊ नये. तसे पाते नुसते मोडके दिसते.

चांदी रंगाचे झाले असे. ॲल्युमिनियम फॉइल पांढऱ्या गोंदाने चिकटवली तर गोंदातल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. तो आत ओलाच राहतो आणि खोळ मऊ पडते. शिवाय प्रत्येक माराची सुरकुती फॉइलवर कायम राहते. पाण्यात मिसळायचा रंग जाड थरात दिला तर तोही कार्डशीट फुगवतो. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण सुकवून, एवढे चालते. त्याहून सरळ मार्ग म्हणजे खोळच चंदेरी कार्डशीटची करणे. आठपैकी पाच तशा केल्या. रंगवलेल्या तिघींपेक्षा त्या जास्त दिवस नव्यासारख्या दिसल्या.

लढाईची आखणी आणि डागडुजी

तलवार कितीही चांगली झाली तरी मुले पूर्ण जोराने टोकाशी टोक आपटू लागली तर ती टिकत नाही. मारामारी पात्याच्या मधल्या तिसऱ्या भागावर बसवली, खुपसण्याची हालचाल वगळली आणि खांद्याच्या वर टोक न्यायचे नाही असा नियम केला. टोकाऐवजी मधोमध मार घेतला की तरफ निम्मी होते, आणि मुठीवरचा ताणही तितकाच उतरतो.

तालमींत सर्वांत आधी झिजते ती खोळ. कडा चेपतात, चंदेरी थर सोलतो. ती फक्त दोन रेषांवर चिकटलेली असल्याने पेपर कटरने चिरून काढता येते आणि नवी चढवायला अर्धा तास लागतो. म्हणून प्रयोगाच्या आदल्या दिवशी आठही तलवारींना नव्या खोळी चढवायच्या असे ठरवून पट्ट्या आधीच आखून, खाचवून ठेवल्या. मुठीचा पुठ्ठा हाताच्या घामाने मऊ पडतो. त्यावर सुती नाडी किंवा कापडी टेप गुंडाळावी, गुळगुळीत पॅकिंग टेप नको, ती घामट हातात घसरते. तालमीनंतर तलवारी आडव्याच ठेवायच्या. कोपऱ्यात उभ्या केल्या की दमट हवेत त्यांना दोन दिवसांत पुन्हा वाक येऊ लागतो.